बेलटेकचा काठ

आमच्या बुलडाणा जिल्ह्यातून समुद्र गाठायचा तर दिवस मोडतो. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी मुलं शाळेत जात होती. तरीही नोकरीची सगळी वर्षं मी काठ मोजण्यातच घालवली. तलावांचे काठ. गावाकडे कुणी विचारायचं, "वानखडे साहेब, तुम्ही तिकडं धरणावर करता तरी काय हो?" मी सांगायचो, "पाणी कुठं संपते ते लिहून ठेवतो." ऐकणारा हसायचा. त्याला वाटायचं, एवढ्यासाठी सरकार पगार देतं?

मी जानेफळचा. मोजणीदार म्हणून धरणांच्या कामावर लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. काम तसं सोपं. तलाव काठोकाठ भरला तर पाणी कुठवर येईल ती रेघ जमिनीवर शोधायची आणि तिच्यावर दगड रोवायचे. त्या रेघेच्या आत कुणी घर बांधायचं नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळाचे पट्टे पाडून लोकांना हंगामापुरते कसायला द्यायचे. त्याला गाळपेर म्हणतात. ज्याला जितका काठ, त्याला तितका पट्टा. म्हणून काठाची लांबी लागायची, आणि त्या लांबीवरून डोकी फुटायची.

एकदा मासेमारी करणारे आणि भाजीवाले असे दोन गट माझ्यासमोर भांडत आले. एकाच काठाची लांबी दोघांनी मोजलेली आणि दोघांच्या आकड्यांत चांगला पाऊण किलोमीटरचा फरक. मासेमारांनी जाळ्याचा लांब दोर ताणून मोजलं होतं. भाजीवाल्यांनी हातात टेप धरून, प्रत्येक खाच, प्रत्येक वळण घेत. मी म्हणालो, "दोघंही खरे." लांब दोर ताणला की तो छोट्या खाचा ओलांडून सरळ जातो, लांबी कमी भरते. टेप खाचेत शिरवला की लांबी वाढते. मुंगीला मोजायला लावलं तर ती प्रत्येक ढेकळाला वळसा घालील आणि आणखी मोठा आकडा आणील. एकानं विचारलं, "मंग खरी लांबी कोन्ती, साहेब?" मी म्हणालो, "ज्यानं मोजली त्याची." सगळे हसले, भांडण मिटलं, दोन्ही गटांसाठी एकच टेप ठरला. ते वाक्य मी पुढं कितीतरी ठिकाणी ऐटीत वापरलं. त्याची किंमत काय पडली, ते सांगायला आज बसलो आहे.

साखरखेर्ड्याच्या अंगाला एक मध्यम तलाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं हयात आहेत. त्याच्या एका बाजूला काळ्या मातीची एक जीभ पाण्यात शिरलेली. वर एक जुनं बेलाचं झाड, म्हणून बेलटेक. तलाव झाला तेव्हा खालच्या शिवारातली पाच भाजीवाली घरं उठली. आता बांधायचं कुठं, असं विचारत ती माणसं माझ्याकडे आली. मी लेव्हल लावली. लेव्हल म्हणजे तिकाटण्यावर बसवलेली दुर्बीण. तिच्यावर काचेच्या नळीत एक बुडबुडा असतो. बुडबुडा मधोमध आला की दुर्बीण अगदी आडवी झाली, आणि मग तिच्यातून दिसणारी रेघ ही पाण्यासारखीच समपातळीत असते. त्या रेघेवरून मी बेलटेक तपासली. जागा सुरक्षित होती. बेलाच्या झाडापाशी एक घडीव दगड पुरला, त्याच्या माथ्यावर छिन्नीनं खूण केली आणि उंची रंगवली. पुढची सगळी मापं या दगडापासून घ्यायची.

त्या पाच घरांत सुखदेव जाधव म्हणून एक होता. काटकुळा, बोलका, चेष्टेखोर. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचा आणि साखरखेर्ड्याच्या बाजारात बसायचा. मी त्याला म्हणालो, "सुखदेव, या दगडाच्या वर पाणी येत नाही. बेफिकीर बांध."

"तुम्ही म्हटलं म्हंजे झालं, साहेब," तो म्हणाला. त्यानं पहिलं घर बांधलं. त्याचं पाहून बाकीच्या चौघांनी.

तिसऱ्या उन्हाळ्यात मी काठ मोजायला परत गेलो. सोबत माझा साखळीवाला दगडू. माझ्याच वयाचा, कमी बोलणारा, पण त्याच्या पायांना प्रत्येक शेताचा बांध पाठ. तो टेप ओढायचा, मी लिहायचो. बेलटेकचा काठ पहिल्यापेक्षा लांब भरला. पाणी तर पहिल्यापेक्षा खाली होतं. तलाव आटतो तसा त्याचा घेर सहसा कमी होतो. मी दगडूला म्हणालो, "यावेळी आपण जवळून मोजलं, म्हणून वाढला."

दगडू टेप गुंडाळत म्हणाला, "मागच्या टायमालेबी याच टेपनं मोजलं होतं, साहेब."

"तू टेप सैल धरला असशील."

त्यानं टेपची गुंडाळी खांद्याला अडकवली. काठाला काही नव्या खाचा पडलेल्या होत्या, वितीएवढ्या रुंद, आत लांबवर गेलेल्या. पाणी त्यांच्यात शिरून अगदी निश्चल उभं होतं. आम्ही त्या ओलांडून पुढं गेलो. काठाची लांबी वाढते याचं कारण मला ठाऊक होतं ना. ज्याला कारण ठाऊक असतं तो खाली वाकून पाहत नाही.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट आढळली. माझ्या दगडावरून पाण्याची पातळी काढली, ती धरणाच्या नोंदवहीतल्या पातळीपेक्षा चार बोटं वर निघाली. नोंदवही रहीमचाचांची. ते सुलतानपूरचे, धरणावर रोजंदारीला. धरणाच्या भिंतीला आतल्या बाजूनं पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांलगत आकडे रंगवलेली पट्टी आहे. रोज सकाळी आठ वाजता पायऱ्या उतरायच्या, पट्टीवर पाणी कुठं टेकलंय ते वाचायचं आणि लिहायचं, एवढंच त्यांचं काम. चौकीतच राहायचे, महिन्यातून दोनदा घरी जायचे. मराठी वाचता येत नव्हतं, पण आकडे मात्र असे काढायचे की छापल्यासारखे.

मी वही त्यांच्यापुढं धरली. "चाचा, चार बोटांचा फरक आहे. तुम्ही वरूनच पाहून लिहिता का? खाली उतरत नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रोज उतरता मैं, साब. बारिश में भी."

"मग माझा हिशेब चुकला का?"

"पट्टी दिवाल को लगेली है. दिवाल कहीं जाती नै." मग ते म्हणाले, "तुमच्या दगडाले विचारा."

"दगड चालतो का, चाचा?"

"मट्टी चलती है, साब."

मला राग आला. दगडू बाजूला उभा होता, कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी उभा होता, आणि एक रोजंदार माणूस मला माझी मोजणी शिकवत होता. मी मोजणीवहीत लिहिलं की पातळीवाचकाच्या नोंदी निष्काळजीपणाच्या आहेत. एक ओळ. पावसाळा सुरू व्हायच्या आत रहीमचाचांना कामावरून कमी केलं. मला कळलं तेव्हा वाईट वाटलं, पण फार नाही. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. पट्टी तशीच राहिली आणि वहीत जुन्या आकड्यांवरून अंदाजे आकडे पडत राहिले.

चौथ्या वर्षी वैशाखात सुखदेवचा फोन आला. "साहेब, एकदा येऊन पाहून जा. काही समजून नाही राह्यलं."

गेलो. दुपारचे बारा, वारा नाही. तलाव कासंडीतल्या दुधासारखा स्थिर. सुखदेवनं मला त्याच्या पाण्याच्या मोटरपाशी नेलं. भाजीला पाणी द्यायला काठावर मोटर बसवलेली असते आणि तिचा पाइप पाण्यात सोडलेला असतो. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं तसा मोटरवाला एकेक पाइप जोडत जातो. हे काठावरच्या पोरासोरांनाही माहीत असतं.

"पाणी उतरून राह्यलं ना, साहेब?"

"हो. सगळीकडं उतरलं."

"मंग माहा पाइप काऊन उरून राह्यला?" त्यानं बाजूला पडलेला पाइप दाखवला. "मागच्या हप्त्यात एक काढला. आज दुसरा. पाणी माह्याकडं येऊन राह्यलं."

मी पलीकडच्या काठाकडं पाहिलं. तिथं ओल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडला होता, त्यावर बगळे. आणि इथं, या एका जिभेवर, पाणी गवतात शिरलेलं. हिरवं गवत पाण्याखाली उभंच्या उभं दिसत होतं, कुजलंही नव्हतं.

सुखदेवची बायको पंचफुला दारात उभी होती. ती फारसं बोलत नसे. म्हणाली, "भाऊ, घरात या जरा."

मी आत गेलो. तिनं आधी मला दार लावून दाखवलं. ते चौकटीत बसत नव्हतं, खालून दोन बोटं फट. "दिवाळीले बरोबर बसे." मग फडताळावरची भांडी दाखवली. ती सगळी एका कडेला, भिंतीला लागून जमलेली. "सकाळी मधात मांडते. संध्याकाळी तिकडं." मग म्हणाली, "आता गप बसा."

आम्ही तिघं गप्प बसलो. बाहेर एका वाफ्यात पाणी सोडलेलं होतं. ते वाफ्याच्या टोकापर्यंत पोचत नव्हतं, मधेच कुठंतरी जात होतं. आणि मग मला ऐकू आलं. जमिनीखालून, आम्ही बसलो होतो तिथल्या बरोबर खालून, पाणी वाहत होतं. मोठा आवाज नव्हता. शेजारच्या खोलीत दोन बाया दबक्या आवाजात बोलत असाव्यात, तसा. मधेच थांबायचा, जणू आपण ऐकतोय हे त्यांना कळलं.

"कवापासून?" मी विचारलं.

"होळीपासून," ती म्हणाली आणि सुखदेवकडं मान वळवली. "यायले वाटते मले भास होते."

सुखदेव हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "हिचे कान लय तेज हायेत." पण त्याच्याही चेहऱ्यावर हसू टिकलं नाही.

मी बाहेर आलो आणि लेव्हल लावली. आमच्या उपविभागाचं नवं यंत्र बुलडाण्याला गेलेलं होतं, माझ्या वाट्याला जुनी लेव्हल. जुन्या लेव्हलमधून सगळं उलटं दिसतं. आभाळ खाली, जमीन वर, माणसं पायांनी वरच्या जमिनीला लटकलेली. आम्हाला त्याची सवय असते. त्या दिवशी दुर्बिणीत पाहिलं तर पंचफुला घागर घेऊन काठाकडं जात होती. उलटी. वरून लटकलेली. तिच्या डोक्याखाली नुसतं पांढरं आभाळ. ती पाण्याशी वाकली तेव्हा मला क्षणभर वाटलं, ही आता सुटून खाली पडते. मी डोळा काढला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

बुडबुडा पाहिला. तो मधोमध नव्हता. मी स्क्रू फिरवून मधोमध आणला. दगडूला मोजणीची उभी पट्टी धरायला दूर पाठवलं, आकडा वाचला, पुन्हा पाहिलं. बुडबुडा कडेला सरकलेला. तिकाटणं तपासलं, पाय घट्ट रोवलेले. पुन्हा मधोमध आणला. मग आकडा वाचायचं सोडून मी नुसता त्या बुडबुड्याकडं पाहत उभा राहिलो. वारा नव्हता. कुणी चालत नव्हतं. बेलाचं पान हलत नव्हतं. आणि बुडबुडा हळूहळू, गोगलगाय सरकावी तसा, घरांच्या बाजूला निघाला होता.

पायाखाली काहीच जाणवत नव्हतं. तेच भयंकर होतं.

दगडू पट्टी खांद्यावर घेऊन परत आला. माझा चेहरा पाहून त्यानंही वाकून नळीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "साहेब, इथं आसरा हायेत. माही माय सांगे, पाण्यातल्या साती बहिणी जमीन ओढतात."

मी बौद्ध घरातला. आसरा, जखीण असलं आमच्या घरात कुणी बोलत नसे, वडील बोलू देत नसत. पण त्याक्षणी मी दगडूला "गप रे" म्हणू शकलो नाही. कारण मला दुसराच आवाज ऐकू येत होता. मट्टी चलती है, साब.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धरणाच्या भिंतीवर गेलो. नोकरीत पहिल्यांदाच पायऱ्या उतरून पट्टीपर्यंत गेलो. पायऱ्या शेवाळानं निसरड्या झालेल्या. पण प्रत्येक पायरीच्या मधोमध पाऊल बसेल एवढी जागा गुळगुळीत घासलेली होती. ती कुणाच्या पावलांनी घासली हे सांगायला नको. मी पट्टी वाचली आणि भिंतीच्या पक्क्या बांधकामावरच्या मूळ खुणेपासून मोजणी सुरू केली. टप्प्याटप्प्यानं तलावाला वळसा घालत बेलटेकच्या दगडापर्यंत जायचं आणि उलट परत यायचं. दोन दिवस लागले. आकडा मिळाला तो मी तीनदा तपासला. माझा दगड एक वीत आणि चार बोटं खाली गेला होता.

सगळी बेलटेक खाली चालली होती, दगडासकट. माझं यंत्र दगडाला विचारत होतं आणि दगड सांगत होता, सगळं ठीक आहे. खालची माती पाण्यानं भिजून लोणी झाली होती. वरच्या भेगांत वाफ्यांचं पाणी शिरत होतं. काठाची लांबी वाढत होती ती माझ्या हुशारीमुळं नाही, काठ फाटत होता म्हणून. रहीमचाचांचा एकही आकडा चुकलेला नव्हता.

मी माझ्या वरच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, लेखी द्या, सोमवारी पाहू. तो गुरुवार होता. मी लेखी दिलं आणि तिथूनच बेलटेकवर गेलो.

पाची घरची माणसं बेलाखाली बसवली आणि सांगितलं, "आजच्या आज उठा. ही जागा जाणार."

मग सुखदेव बोलला. चेष्टेचा सूर पार गेला होता. "साहेब, तुम्हीच म्हटलं होतं ना, बेफिकीर बांध."

"म्हटलं होतं. माही चूक झाली."

"वांग्याले फूल आलं आता. माल निघायच्या टायमाले उठ म्हंता. कुठं जाऊ? आन जागा नाही गेली तर?"

"तर मले येऊन शिव्या दे."

"शिव्यानं पोट भरते का?" तो उठून उभा राहिला. मला वाटलं अंगावर येतो. बाकीचेही कुरकुरायला लागले. एक म्हणाला, सरकारले जागा पाह्यजे असन. एवढ्यात पंचफुला घरातून बाहेर आली. तिच्या डोक्यावर पाटीत रचलेली भांडी होती आणि काखेत गोधड्या. ती कुणाकडंही न पाहता आमच्या मधून चालत गेली आणि मुख्य जमिनीकडच्या रस्त्याला लागली. सुखदेव ओरडला, "कुठं जाऊन राह्यली?" तिनं मागं वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं दुसऱ्या घरची म्हातारी उठली. मग पोरं, मग शेळ्या. संध्याकाळपर्यंत पाची घरं शेजारच्या गावच्या शाळेत गेली.

शुक्रवारी काही झालं नाही. शनिवारी काही झालं नाही. शाळेच्या व्हरांड्यात माणसं माझ्याकडं बघेनाशी झाली. मी रोज जात होतो, दगडूला घेऊन घरांच्या मागच्या बाजूला, पक्क्या मुरुमावर उभा राहत होतो. घरांच्या आणि आमच्या मधे आता हात जाईल एवढी भेग दिसत होती. तिच्यात खडा टाकला तर पडल्याचा आवाज येत नव्हता.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास सुखदेव आला. मोटर काढून न्यायची म्हणाला.

"जाऊ नको," मी म्हणालो.

"तीन दिवस झाले, साहेब. मोटर गेली तर मी काय करू? पाच मिनिटं लागतात." त्यानं भेग ओलांडली आणि आपल्या वांग्याच्या ओळींमधून काठाकडं गेला. आम्ही त्याला पाहत होतो. तो मोटरपाशी उकिडवा बसला, पाना काढला, नट खोलायला लागला. पाठ पाण्याकडं, तोंड आमच्याकडं.

मी ऐकलं होतं की जमीन जाते तेव्हा गडगडाट होतो. काही झालं नाही. एक टिटवी ओरडत उडाली, एवढंच. मग दगडूनं माझं मनगट धरलं. भेग वीतभर होती, ती हातभर झाली. मग दोन हात. पलीकडची जमीन निघाली होती. घरं उभीच्या उभी, दारं-खिडक्यांसह, वांग्याच्या ओळी सरळ, एकही झाड न डगमगता. बैलगाडी चढावरून सुटावी आणि गाडीवानाला झोप लागलेली असावी, तशी.

सुखदेवनं मान वर केली. त्याला काहीच कळलं नव्हतं. त्याच्याभोवतीचं सगळंच त्याच्याबरोबर चाललं होतं. त्यानं आमच्याकडं पाहिलं आणि चेहऱ्यावर गोंधळ घेऊन ओरडला,

"साहेब, तुम्ही काऊन मागं जाऊन राह्यले?"

ते वाक्य मी आजही ऐकतो. दुपारी झोप लागता लागता ऐकतो.

"सुखदेव, पाण्यात उडी टाक! लांब पोह!" मी ओरडलो. तो उभा राहिला. त्यानं मागं पाहिलं, पाणी त्याच्या घोट्याला लागलं होतं. आमच्या आणि त्याच्या मधे जिथं रस्ता होता तिथं गढूळ पाणी वर येत होतं. तो माझ्याकडं पाहत राहिला. पाणी गुडघ्याला आलं. त्याला हलताच येत नव्हतं, की आपलं अंगण सोडायला मन होत नव्हतं, कोण जाणे.

तेव्हा आमच्या मागून आवाज आला. "उडी टाका ना!" पंचफुला कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नव्हतं. तिनं मोठ्यानं बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सुखदेवनं पाना टाकला आणि झेप घेतली.

घरं छपरापर्यंत गेली. बेलाचं झाड आडवं न होता उभंच खाली उतरत गेलं, शेंडा दिसेनासा होईपर्यंत. माझा दगड कधी गेला ते मी पाहिलं नाही. पाण्यावर फक्त मोठाले बुडबुडे येत राहिले. मासे धरणारा एक जण थर्माकोलच्या तराफ्यावर पलीकडं होता, त्यानं सुखदेवला केसांना धरून काढलं. तो वाचला. काठावर आणून निजवला तेव्हा तो डोळे उघडे ठेवून होता, पण पंधरा दिवस तो एक शब्द बोलला नाही. नंतर बोलायला लागला तरी चेष्टा परत आली नाही. आजही पक्क्या फरशीवर बसला तरी हाताचा तळवा खाली टेकून बसतो.

चौकशी झाली. पाच घरांना वरच्या अंगाला जागा मिळाली. माणसं वेळेत उठवली म्हणून माझं कौतुकही झालं, एका कार्यक्रमात नारळ देऊन सत्कार केला. मी तो घेतला. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "आन त्या चाचाचं काय?" तिला मी सगळं सांगितलेलं होतं.

मी कार्यालयाला पत्र दिलं की पातळीवाचकाच्या नोंदी बरोबर होत्या, चूक माझ्या दगडाची आणि माझी. पत्राचा कागद पुढं सरकायला बरेच महिने गेले. रहीमचाचांचं वय उलटून गेलेलं, त्यांना परत कामावर घेणं शक्य नव्हतं. पण वहीतल्या माझ्या ओळीखाली लाल शाईनं दुरुस्ती झाली. मी तिची सही-शिक्क्याची नक्कल काढली आणि सुलतानपूरला गेलो.

घर सापडायला वेळ लागला नाही. चाचा ओट्यावर बसले होते, खूप वाळलेले. मला ओळखलं. उठले नाहीत, बसा असंही म्हणाले नाहीत. आतून त्यांच्या बायकोनं चहा पाठवला. मी उभ्यानंच जे बोलायचं ते बोललो. बेलटेक गेल्याचं त्यांना कळलेलं होतं.

"उस दिन पट्टी पे कितना था?" त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला.

"तुमने खुद पढा?"

"हो, चाचा. खाली उतरून."

त्यांनी मान हलवली. मग हात पुढं केला. मी नक्कल दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि आत हाक मारून नातीला बोलावलं. ती शाळेच्या गणवेशात होती. तिनं वाचलं: पूर्वीची नोंद चुकीची असून सदर पातळीवाचकाच्या सर्व नोंदी अचूक आढळल्या आहेत. त्यांनी तिला पुन्हा वाचायला लावलं. "अचूक मतलब?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं, "एकदम बरोबर, दादा."

चाचांनी टोपी घातली, कागदाची नीट घडी केली आणि ओट्यावरून उतरले. शेजारच्या दुकानदारापुढं जाऊन त्यांनी घडी उघडली. तो वाचेपर्यंत थांबले. मग त्याच्यापुढच्या ओट्यावर. मग शिंप्याकडं. मग मशिदीच्या कोपऱ्यावर चार जण बसले होते तिथं. मी पाहत होतो. गल्लीच्या वळणापर्यंत ते असे एकेका दारात थांबत गेले, आणि मग वळणाआड गेले.

"बैठो, भाई," आतून त्यांची बायको म्हणाली. "खाना खाके जाओ. वो अब जल्दी नै आते."

मी जेवलो. चाचा आले नाहीत. शेवटच्या एसटीनं मी परत निघालो तेव्हा बाजाराच्या चौकात गाडी हळू झाली, आणि मला ते दिसले. एका अनोळखी माणसाला थांबवून त्याच्या हातात कागद देत होते.